परसदारी रानझाडांना थारा

नागपूर जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात शिरताना बहुधा प्रथम दृष्टीस पडते ते बेशरमाचे कुंपण. फांदी खोचली की जगते, गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, पाणी नको, खत नको. या गुणांमुळे या झुडपाने काटोलपासून कुहीपर्यंत घरांची आवारे, नाले आणि तळ्यांच्या पाळी व्यापून टाकल्या आहेत. मूळचे ते उष्ण अमेरिकेतील. त्याची जांभळट-गुलाबी फुले वर्षाचा बराच काळ दिसतात, त्यामुळे ते कोणाला वाईटही वाटत नाही. परंतु पाखरांच्या दृष्टीने पाहिले तर हे कुंपण म्हणजे जवळजवळ ओसाड घर होय. त्याला पाखरांनी खाण्याजोगे फळ नाही आणि त्याच्या पानांवर पोसणारे किडे थोडे. शिवाय चाऱ्याच्या टंचाईत शेळ्यांना ही पाने खाण्याची चटक लागली तर त्यांना मज्जातंतूंचा विकार जडतो, हा अनुभव पशुवैद्यकांना आहे.

घराच्या मागील जी जागा इकडे कोणी वाडी म्हणतात, कोणी सांदवाडी आणि इतरत्र ज्याला परस म्हणतात, तेथे आपल्याच मुलखातील झाडाझुडपांना थोडा थारा दिला तर पाखरे, फुलपाखरे, मधमाश्या, सरडे व बेडूक यांची वस्ती होते. ही वस्ती पुढे शेताच्या उपयोगी पडते. ती कशी पडते व त्यासाठी काय करावयास हवे, हे या लेखात सांगावयाचे आहे. असे परस डोळ्यांना सुखविते हे खरे, परंतु शेतकऱ्याने ते केवळ शोभेसाठी करावे अशी अपेक्षा नाही.

होळीपासून मृगापर्यंत

विदर्भातील कोरडवाहू शिवाराचे वर्षाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. हरभरा व गहू निघाले की होळीनंतर शिवार उघडे पडते. नांगरटी होतात, काळी जमीन भेगाळते आणि पारा ४५ अंशांच्या वर चढतो. बांधावरची झाडे पूर्वी होती तितकी आता राहिलेली नाहीत. अशा तीन महिन्यांत पाखराने सावली, पाणी व भक्ष्य कोठे शोधावे? गावात जी चार झाडे हिरवी असतात तेथेच त्याला यावे लागते. कोतवाल, साळुंकी, बुलबुल, शिंपी यांच्या विणीचा हंगाम याच सुमारास किंवा पाऊस पडता पडता येतो. परसात पान हिरवे असेल तर पानावर अळी असते आणि अळी असेल तर घरट्यातील पिलू जगते. दाणे टिपणारी चिमणीदेखील पिलांना पहिले काही दिवस किडे आणि कोवळ्या अळ्याच भरविते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आलेली नसते.

पुढे मृग बरसतो, सोयाबीन उगवते आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर उंटअळी व पाने खाणारी अळी दिसू लागते. त्या वेळी शेतात अळी वेचणारी पाखरे उतरावीत म्हणून कृषी विभाग पिकात काठ्यांचे पक्षीथांबे उभे करण्यास सांगतो. सल्ला योग्यच आहे. परंतु उन्हाळ्यात ज्या गावाने पाखरांना जगू दिले नाही, त्या गावाच्या थांब्यावर पावसाळ्यात बसावयास येणार कोण? राखणदाराला पगार आषाढात द्यावयाचा, पण त्याला चैत्र-वैशाखात उपाशी ठेवावयाचे, असा हा व्यवहार आहे. परसातील झाडांचे खरे मोल या तीन महिन्यांत आहे, आणि कोणती झाडे लावावयाची हे ठरविताना हीच कसोटी प्रथम लावावी.

ती लावली असता आपल्याकडील झाडे किती शहाणी आहेत हे कळून येते. माघ-फाल्गुनात पळस फुलतो. त्याच्या फुलांतील मध पिण्यास साळुंक्या, शिंजीर आणि खारीही येतात. त्यामागोमाग मोह. त्याची फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांच्या परागीभवनाचे काम करतात. चैत्रात कडुनिंबाला मोहोर येतो, करंजाला नवी पालवी आणि त्यापाठोपाठ फुले. बाकी सारे रान करपलेले असताना करंजाची सावली गार असते. वैशाखात बहावा व शिरीष. ज्येष्ठात जांभूळ, भोकर आणि कडुनिंबाच्या पिकलेल्या निंबोळ्या. उंबराला तर वर्षातून अनेकदा फळे येतात. वड, पिंपळ, उंबर या तिघांच्या फळांवर तांबट, कोकीळ आणि हिरवट-पिवळ्या रंगाचा हरियाल गुजराण करतात. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. नागपूर शहरातील जुन्या वडा-पिंपळांवरही त्याचे थवे दिसतात. मात्र पानांच्या रंगात तो इतका मिसळून जातो की फळे टपटप खाली पडू लागल्यावरच त्याचा पत्ता लागतो.

वड, पिंपळ व उंबर घराच्या भिंतीला किंवा विहिरीला लागून मात्र लावू नयेत. त्यांची मुळे बांधकाम फोडतात. त्यांची जागा गावठाणाच्या कडेला, शाळेच्या आवारात, पाणवठ्यावर किंवा शेतातील धुऱ्यावर होय. परसात पश्चिमेच्या अंगास, भिंतीपासून पंधरा-वीस फूट सोडून आणि विजेच्या तारा टाळून, एक कडुनिंब किंवा करंज असला तरी दुपारचे ऊन घरावर येत नाही. जागा फारच लहान असेल तर बेल, भोकर, शेवगा किंवा बहावा यांपैकी एक झाड पुरे.

पान कोणाचे, फूल कोणाचे

एखादा वाचक म्हणेल की गुलमोहर काय वाईट, त्यालाही वैशाखात फुले येतात. यासाठी एक मुद्दा नीट समजून घेणे आवश्यक आहे. प्रत्येक वनस्पती आपल्या पानांत काही ना काही विष, चीक किंवा कडूपणा साठविते, जेणेकरून कोणी ते पान खाऊ नये. हजारो वर्षे त्याच मुलखात राहिलेल्या काही थोड्या किड्यांना ते पचविण्याची युक्ती साधलेली असते. रुईचा चीक गुराढोरांना विषारी, परंतु केशरी पंखांच्या एका सर्वपरिचित फुलपाखराच्या अळ्या रुईवरच वाढतात आणि तेच विष अंगात साठवून स्वतः बेचव बनतात. एकदा चव घेतलेले पाखरू पुन्हा त्या फुलपाखराच्या वाटेस सहसा जात नाही. गुलमोहर मादागास्करचा, सोनमोहर पूर्वेकडील बेटांचा, सुबाभूळ मेक्सिकोकडची. यांच्या पानांशी आपल्याकडील किड्यांची अशी जुनी ओळख नाही. फूल ही मोठ्या फुलपाखराची पाणपोई होय. तेथे कोणीही वाटसरू थांबतो. पान मात्र त्याचे बाळंतघर आहे, आणि ते ठरलेलेच असावे लागते.

ज्याला इकडे पुष्कळ ठिकाणी रायमुनिया म्हणतात, त्या घाणेरीच्या बाबतीत हीच फसगत होते. तिच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड उडते, बुलबुल तिची फळे खातात, म्हणून ती उपकारक वाटते. वस्तुतः त्याच फळांतून तिचे बी रानभर पसरते, तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही आणि ती खाल्लेल्या गुरांचे यकृत बिघडते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराच्या परिसरात चिमणीहून थोड्या लहान अशा एका कीटकभक्षी पक्ष्याचा घरोघरच्या आवारांत अभ्यास करण्यात आला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या आवारांत देशी झाडाझुडपांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून कमी होते, तेथे मरणाऱ्या पक्ष्यांची जागा भरून निघण्याइतकी पिले वाढत नव्हती. कारण एकच, अळ्यांची टंचाई. सत्तरचा आकडा तिकडचा आहे. तो जसाच्या तसा विदर्भाला लावणे बरोबर नाही. परंतु झाडाच्या पानापासून पिलाच्या चोचीपर्यंतचा धागा येथेही तोच आहे.

या ठिकाणी एक इशारा द्यावासा वाटतो. देशी म्हणजे सोवळे आणि परदेशी म्हणजे ओवळे, असा हा प्रश्न नाही. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई व सीताफळ ही सारी अमेरिकेकडून आलेली आहेत आणि चिंच आफ्रिकेची समजली जाते. ती काढून टाका असे म्हणणे वेडेपणाचे होईल. नागपूरचे संत्रे तरी येथले कोठे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भोसले घराण्याने ते तेव्हाच्या औरंगाबादेकडून आणून प्रथम आपल्या घरच्या बागेत लावले, असे सांगितले जाते. आज त्या संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा उपयोगाची झाडे राहू द्यावी. ज्यांचा ना माणसाला उपयोग ना पाखराला, अशा शोभेच्या व आपोआप माजलेल्या झाडांची जागा तेवढी देशी झाडांना द्यावी. अलीकडे रस्त्याच्या कडेला झटपट हिरवळ दिसावी म्हणून कोनोकार्पस लावण्याची टूम निघाली आहे. गुजरात शासनाने २०२३ साली त्याच्या लागवडीस बंदी केली. रोपवाटिकेत ते स्वस्त मिळाले तरी आणू नये.

कुंपण बदलण्याची रीत

परसात बदल करण्याचा आरंभ कुंपणापासून करावा. त्यात जागा मोडत नाही आणि कुंपण तर हवेच असते.

बेशरम पावसाळ्यात तोडल्यास ओल्या जमिनीवर पडलेल्या कांड्या पुन्हा मूळ धरतात. म्हणून ते वैशाखाच्या कडक उन्हात, मुळासकट खणून काढावे, कांड्या दगडावर वा उघड्या जमिनीवर पूर्ण वाळवाव्यात आणि कोणत्याही कारणाने त्या नाल्यात टाकू नयेत. सबंध कुंपण एकदम काढू नये. एका वर्षी एक बाजू घ्यावी. मोकळ्या झालेल्या ओळीत फूटभर खोल चर खणून शेणखत मिसळावे आणि मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर निर्गुडी व अडुळसा यांची हातभर लांबीची कलमे एकेका फुटावर लावावीत. दोन्ही फांद्यांपासून सहज येतात. दोहोंना शेळ्या सहसा खात नाहीत, हा मोठा गुण. अडुळशाच्या पांढऱ्या फुलांवर काळे भुंगे येतात, निर्गुडीच्या निळसर तुऱ्यांवर मधमाश्या. अडुळसा खोकल्यावर आणि निर्गुडीचा पाला अंगदुखीच्या शेकासाठी घरोघर वापरतात, हे निराळे सांगावयास नको.

ज्या बाजूने गुरे घुसतात तेथे काटेरी झुडूप हवे. बोर, करवंद, चिल्हार किंवा सागरगोटा यांतून निवड करावी. सागरगोट्याची वेल पाच-सहा वर्षांत अशी जाळी करते की माणूसही पार होत नाही, आणि मुलींना खेळावयास सागरगोटे मिळतात ते वेगळेच. काटेरी जाळीत लहान पाखरे रात्रीची वस्तीला येतात. मांजर व कावळा यांना तेथे सहज पोचता येत नाही. बोरीला मार्गशीर्षापासून फळ येते. पहिली दोन वर्षे नव्या ओळीच्या बाहेरून बोराट्यांची आडकाठी करावी. हे केले नाही तर बाकीचे सारे श्रम शेळ्यांच्या पोटात जातील.

फुलोरी मधमाशी आपले लहानसे एकच पोळे बहुधा अशा झुडपांतच बांधते. पोयाची माशी भिंतीच्या फटीत किंवा झाडाच्या ढोलीत राहते व तिला नांगी नसते. त्यांना हुसकून लावण्याचे कारण नाही. आग्या मोहोळ मात्र राहत्या घराजवळ असू नये. ते धूर करून स्वतः काढण्याचा प्रयत्न करू नये, जाणत्या माणसाला बोलवावे.

कोपरा तसाच सोडणे

कुंपणानंतरचे काम सर्वांत सोपे आणि म्हणूनच कदाचित सर्वांत अवघड आहे. परसाचा घरापासून दूरचा एक कोपरा, दहा फूट बाय दहा फूट असला तरी चालेल, खुरपावयाचा नाही. मृगानंतर तेथे तरोटा, केना, घोळ, कुर्डू, आघाडा हे आपोआप उगवते. तरोट्याची कोवळी पाने आपण भाजीला नेतो, उरलेल्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. दोघांना पुरून उरेल इतका तो येतो. गाजरगवताने गाजलेल्या जागी तरोट्याचे बी दाट फेकले तर तो गाजरगवताला दाबतो, हा त्याचा दुसरा उपयोग. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याजवळ प्रथम लक्षात आलेले हे गाजरगवत आज प्रत्येक गावाच्या वेशीत आहे. त्यावर मेक्सिकोतून आणलेला भुंगा सोडला जातो, पण घराच्या आवारातील गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून, उपटणे हाच खात्रीचा उपाय होय.

मारवेल, पवना अशी गवते कोपऱ्यात वाढू द्यावीत आणि बी पिकून पडल्यावर कार्तिकात कापावीत. त्यावर मनोल्या उतरतात. थोडी जमीन उघडी ठेवावी. अनेक रानमाश्या जमिनीत बिळे करून राहतात आणि चिखल नेऊन घर बांधणाऱ्या कुंभारमाशीला तेथे माती मिळते. ही माशी आपल्या घरात अळ्या कोंबून ठेविते. त्या बहुधा पिकावरच्याच असतात.

पाण्यासाठी मातीचे पसरट परळ सावलीत, झुडपाच्या जवळ पण अगदी आत नाही, असे ठेवावे. आत दगडाचा एक तुकडा असावा म्हणजे माशी बुडत नाही. पाणी रोज बदलावे आणि आठवड्यातून एकदा परळ घासून उन्हात वाळवावे. हे न केल्यास डासांची पैदास होऊन डेंग्यूला आमंत्रण मिळेल.

पूर्वीच्या कवेलूच्या घरांत चिमणीला आढ्याखाली जागा सापडत असे. सिमेंटच्या घरात ती उरलेली नाही. वळचणीला, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर, सव्वा इंच व्यासाचे भोक ठेवलेला लाकडी खोका टांगावा. नाशिकच्या निसर्गप्रेमींच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. खोका लावण्यास तो दिवस बरा, कारण विणीपूर्वी तो जागेवर असावा लागतो.

ही सारी कामे बहुधा घरातील स्त्रिया करतात, आणि परसात काय राहील व काय उपटले जाईल हे त्यांच्याच मतावर ठरते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या आदिवासी गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या परसातून व शेतातून देशी वाणांचे बियाणे राखले आणि त्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे काम पिकांच्या बियांचे असले तरी परसाची सत्ता कोणाकडे असते हे त्यावरून कळते. ग्रामकार्यकर्त्यांनी या विषयाची सभा चावडीवर पुरुषांपुढे घेऊन भागणार नाही. ती महिला बचत गटात घ्यावी.

परसात काय नको

कापूस उत्पादकांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावयाची आहे. सरपणासाठी परसात रचलेली पऱ्हाट्यांची गंजी म्हणजे पाखरांचा आसरा नव्हे, तो गुलाबी बोंडअळीचा आसरा आहे. वाळलेल्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. २०१७ साली विदर्भात या अळीने केलेली हानी अजून विसरली गेलेली नाही. हंगाम संपताच पऱ्हाट्यांचा भुगा करून खत करावे. भेंडी, अंबाडी, तसेच रानटी पेटारी या कपाशीच्याच कुळातील वनस्पती. बोंडअळ्यांच्या काही जाती त्यांवरही तग धरतात. म्हणून शेत घराला लागून असेल तर उन्हाळ्यात त्या परसात उभ्या ठेवू नयेत.

संत्र्याच्या बाबतीतही विचार करावा लागतो. लिंबू, गोडलिंब व बेल यांच्या पानांवर काळ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. लहानपणी त्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, पुढे हिरव्या होतात. परसातील मोठ्या झाडाची थोडी पाने त्यांनी खाल्ली तर काही बिघडत नाही. परंतु ज्यांची संत्र्याची रोपवाटिका आहे, त्यांच्या कोवळ्या कलमांचा फडशा त्या पाडतात. अशांनी गोडलिंब व बेल रोपवाटिकेपासून लांब लावावेत आणि कलमांवरील अळ्या हातांनी वेचाव्यात. निळ्या-काळ्या मोठ्या पंखांचे जे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले, त्याच्या अळ्यादेखील लिंबाच्या कुळातील पानांवरच पोसतात.

फवारणीचा पंप परसात धुण्याची वाईट चाल गावोगाव आहे. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. माणसाला जे विष इतके बाधते ते परळातील पाण्यावर, आळ्यावर आणि फुलावर बसणाऱ्या माशीला काय करील हे वेगळे सांगणे नको. पंप शेतावरच, विहीर व नाला यांपासून दूर धुवावा. परसातील झाडावर कीटकनाशक मारू नये. मावा फार झाला तर निंबोळी अर्क वापरावा, आणि तोही सायंकाळी, मधमाश्या परतल्यावर.

उंदरांसाठी विष ठेवण्याच्या आधी घुबडाचा विचार करावा. गव्हाणी घुबड रात्रीतून दोन-तीन उंदीर सहज उचलते आणि पिले असताना याहूनही अधिक. विषाने मेलेला उंदीर त्याच्या पोटात गेला तर तेही दगावू शकते. त्याला अपशकुनी समजून ढोलीतून हाकणाऱ्या घराचे धान्य उंदीर खातात, ही साधी गोष्ट आहे.

साप व श्वापदे

परसात झाडी म्हणजे साप, ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. बेडूक, सरडे व उंदीर आले की त्यांच्या मागे साप येणारच. त्यातील धामण बिनविषारी व उंदरांची मोठी शत्रू. पण नाग, मण्यार व घोणसही आपल्याकडे आहेत. म्हणून घराभोवती दहा फुटांचा पट्टा अगदी स्वच्छ, झाडलेला ठेवावा. पाला, दगड, विटा, लाकडे त्या पट्ट्याबाहेर असावीत. रात्री विजेरीवाचून परसात जाऊ नये. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपल्यास हा धोका पुष्कळच टळतो. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. रोग्याला हलू न देता थेट रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील लस तेथेच मिळते.

पारशिवनी व रामटेककडील पेंचच्या लगतची गावे, उमरेड, भिवापूर व कुहीकडील कऱ्हांडला अभयारण्याभोवतीची गावे आणि बोर प्रकल्पाच्या बाजूची खेडी यांना वरील सल्ला सरसकट लागू करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे घराजवळ दाट झुडूप माजू दिले तर रानडुक्कर व बिबट यांना लपण झाल्यासारखे होते आणि मोह किंवा बोर दारात असेल तर फळाफुलाच्या दिवसांत अस्वलही येते. अशा गावी घराभोवतालची खालची झाडी साफ ठेवावी, घाणेरीची जाळी काढावी, कोंबड्या-शेळ्या रात्री बंद कोठ्यात घ्याव्यात. उंच बुंध्याचे एखादे झाड, अडुळशाची कमरेएवढी छाटलेली ओळ आणि परळातील पाणी, इतकेच तेथे पुरे. रान शेजारीच असताना ते परसात आणण्याचा हट्ट नको. मोकळ्या शिवाराच्या सावनेर, काटोल, कळमेश्वर व मौदा भागांतही गावोगाव स्थिती पाहूनच सांगावे. मोर दारात नाचावा ही हौस पुण्याकडील मोराच्या चिंचोलीस शोभून दिसते. ज्याने नुकताच हरभरा पेरला आहे त्याला ती महाग पडते, हेही ग्रामकार्यकर्त्याने मोकळेपणी मान्य करावे.

नोंद आणि बियाणे

जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते व तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. राज्य मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. कित्येक गावांत ही नोंदवही एकदा भरून कपाटात पडली आहे. परसात आलेले पाखरू, फुललेले झाड आणि त्यांचे गावचे नाव तीत चढवावे. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांध, नागझिरा व मेळघाटच्या रानांत आयुष्य घालवून पाखरांची अशीच लोकांच्या तोंडची नावे गोळा केली आणि त्यांचा पक्षीकोश सिद्ध केला. २०२५ साली ते निवर्तले. पुस्तकात न आलेली नावे अजून गावातील म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत.

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांतून कडुनिंब, करंज, बहावा यांची रोपे मिळू शकतात. निर्गुडी, भोकर, सागरगोटा यांची मागणी मात्र आधीच नोंदवावी लागते. बियाणे गावातच जमविणे अधिक बरे. बहाव्याचे व सागरगोट्याचे कवच कठीण असते. बहाव्याच्या बियांवर उकळते पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवावे. सागरगोटा खरखरीत दगडावर एका बाजूने घासून मग भिजवावा. पळसाच्या शेंगा वैशाख-ज्येष्ठात गळतात, त्या तशाच ताज्या पेराव्यात. जांभूळ व कडुनिंब यांचे बी साठवून ठेवल्यास थोड्याच आठवड्यांत उगवेनासे होते, म्हणून गर धुऊन काढून आठवड्याच्या आत पिशवीत घालावे. उन्हात वाळवू नये.